आभार होईपर्यंत कोणी उठू नये

आमच्या बालाघाट जिल्ह्यात, लालबर्ऱ्याकडे राइस मिलच्या मागं भुशाचे ढीग पाहिलेत कधी? ते कोणी मुद्दाम रचत नाही. धान आत जातं, तांदूळ पुढून निघतो, पोत्यात भरून गावोगाव जातो, आणि भुसा आपला मागं साचत राहतो. आमच्या विद्यापीठातल्या कार्यक्रमांचं अगदी तसंच आहे. भाषणं अहवालात जातात, फोटो पेपरात जातात आणि भुसा माझ्याकडे साचतो. आता कोणी बसून ऐकणारं भेटलं की मी पोतं उघडते. तुम्ही भेटलात, बसा!

मी देशकर मॅडम. समाजशास्त्र शिकवते, असं माझ्या खोलीच्या दारावर लिहिलंय. खरं काम वेगळंच. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना बोलावणं, आणणं, बसवणं, बोलतं करणं आणि मग थांबवणं! हे काम मिळालं कसं? नवीन होते तेव्हा एका मीटिंगमध्ये सहज विचारलं, "पाहुणे कोणत्या गाडीनं येणार आहेत?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बस, मॅडम देख लेंगी!"

बारा वर्षं झाली, मॅडम देखूनच राह्यली आहे.

हे साहेब म्हणजे आमचे कुलगुरू. आमचं आधी कॉलेज होतं, तेव्हा ते प्राचार्य होते. मग बाहेरचा बोर्ड बदलला, विद्यापीठ झालं, ते कुलगुरू झाले. खुर्च्या त्याच आहेत.

आणि या किश्श्यांतले दुसरे मोठे मानकरी म्हणजे शेंडे सर. रसायनशास्त्राचे. सव्वीस वर्षांपूर्वी रुजू झाले त्याच आठवड्यात एक कार्यक्रम होता. नवा माणूस, तोंड ओळखीचं नाही, काय काम द्यायचं? "आप आभार मान लीजिए." तेव्हापासून आभारप्रदर्शन म्हणजे शेंडे सर.

आमच्या कार्यक्रमाचा क्रम ठरलेला आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षांचं भाषण, आभार, राष्ट्रगीत, जेवण. यात आभारप्रदर्शन अशा जागी येऊन बसलंय की त्याला दोन्हीकडून मार! पुढून पाहुणे वेळ खातात आणि मागून वरणाच्या फोडणीचा वास येतो. "अब आभार प्रदर्शन के लिए" एवढं म्हटलं की अर्धा हॉल उभा. साहेब शेंडे सरांना दोन बोटं दाखवतात, म्हणजे दोन मिनिटं. उशीर झाला असेल तर एकच बोट. सर कागद उघडतात, पाहुण्यांचे आभार मानतात, साहेबांचे मानतात आणि "ज्ञात-अज्ञात सभी का" म्हणून कागद मिटून खिशात.

आता गंमत ही, की तो कागद ते फार मन लावून लिहितात. आदल्या दिवशी सगळीकडे फिरतात. मंडप कोणी टाकला, रांगोळी कोणी काढली, पाण्याच्या कॅन कोणी वर चढवल्या, एकेकाचं नाव विचारून लिहून घेतात. आणि सव्वीस वर्षांत एकदाही, एकदाही हो, तो कागद पूर्ण वाचून झालेला नाही!

या मार्चमध्ये सर रिटायर होणार. सत्र सुरू झालं तेव्हा माझ्या खोलीत आले, उभेच राहिले.

"मॅडम, तुम्ही एवढ्या पाहुण्यायचं पाहता. माझं एक काम पाहाल काय?"

"सांगा ना सर."

"जायच्या आधी एकदा तरी कागद पुरा वाचायचा हाय. वरपासून खालपर्यंत."

"हौ सर, त्यात काय मोठं!" मी म्हटलं.

त्यात काय मोठं होतं ते मला पुढच्या सात महिन्यांत कळलं. सत्रात पाच व्याख्यानं होती. म्हणजे पाच संधी.

*

पहिली संधी ऑगस्टमध्ये.

मला एक खोड आहे. मला माणसांबद्दल फार उत्सुकता. पाहुण्यांना मी एक फॉर्म पाठवते, त्यात बावीस प्रश्न. चहात साखर किती, उशी उंच की सपाट, मंचावर कोणत्या बाजूला बसायला आवडेल, कोणत्या कानानं कमी ऐकू येतं. घरचे म्हणतात, जनगणनेवाले पण इतकं विचारत नाहीत! ऑगस्टचे पाहुणे होते गोंदियाकडचे एक प्राध्यापक. फॉर्म वाचून त्यांचा फोन आला, "मॅडम, व्याख्यानाला बोलावून राह्यल्या की स्थळ पाहून राह्यल्या?"

मी हसले. हसायला नको होतं.

ते एका मित्राच्या गाडीनं राजेगावपर्यंत येणार आणि तिथून आमची गाडी त्यांना आणणार, असं ठरलं. गाडी घेऊन गेला सुकराम. सुकराम आमचा शिपाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, कामाला चोख. फक्त त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

राजेगावला तो गाडीपाशी उभा. एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, पांढरे कपडे, हातात मिठाईचा डबा.

"बालाघाटहून आलात काय?"

"हौ."

"मलेच न्याले आलात ना?"

"हौ."

आले. आम्ही ओवाळलं, गुच्छ दिला, चहा दिला. गृहस्थ फार खूश. इकडं तिकडं पाहात म्हणाले, "पाहुणचार लय चांगला हाय तुमच्याकडे." मग माझ्याकडे झुकून हळूच, "पण मुलगी कुठी हाय?"

मी अभिमानानं म्हटलं, "सर, एक काय, दोनशे मुली हॉलमध्ये बसल्या आहेत तुमची वाट पाहात!"

त्यांच्या हातातला कप तिथंच थांबला.

ते मुलासाठी मुलगी पाहायला आले होते! मुलीकडचे त्यांना घ्यायला राजेगावला गाडी पाठवणार होते. ती गाडीही आली होती, फक्त दहा मिनिटं उशिरा. आणि त्या गाडीत कोण बसलं? आमचे प्राध्यापक! फोन लावला तेव्हा ते मुलीच्या घरी पोहे खात होते आणि मुलीला विचारत होते, "विषय कोणता घेतला बेटा? पुढं संशोधन करायचा विचार आहे का?" मुलीकडच्यांना वाटलं, सासरे फार सुधारलेले आहेत!

माणसांची अदलाबदल होईपर्यंत दीड तास गेला. आभाराच्या वेळी साहेबांचं एकच बोट वर. शेंडे सरांनी कागद खिशात घातला. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. तिकडं पोरीचं जमलं तरी पुरे."

*

ऑक्टोबरमध्ये मी डोकं चालवलं.

लोक उठतात कशासाठी? जेवणासाठी. मग जेवणच आधी देऊन टाकलं तर? पोट भरलेलं असलं की कोण कशाला उठेल! साहेबांना पटवलं. बारा वाजता जेवण, दीड वाजता व्याख्यान. शेंडे सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाले मानलं."

पाहुणे होते नागपूरचे, इतिहासाचे. त्यांच्या घरी फोन केला तर त्यांच्या पत्नींनी उचलला. बावीस प्रश्नांची उत्तरं त्यांनीच दिली आणि शेवटी म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. भाषणाच्या आधी त्यांना भात नका देऊ."

"काहून हो?"

"नका देऊ, बस."

मी लिहून घेतलं. कागद पर्समध्ये ठेवला. पर्स घरी ठेवली.

आता आमच्या बालाघाटच्या चिन्नौर तांदळाचा भात तुम्ही खाल्लाय का? पातेल्याचं झाकण उघडलं की शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात. पाहुण्यांनी तीनदा घेतला. तिसऱ्यांदा तर स्वतः उठून घेतला.

दीड वाजता मी परिचय वाचायला उभी राहिले. दुसऱ्या परिच्छेदाला मागून बारीक घोरण्याचा आवाज. माझ्या परिचयात झोपणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण स्वतःच्याच परिचयात झोपलेले ते पहिले!

मी थांबले. शेंडे सर बाजूनं पुटपुटले, "वाचत राहा मॅडम. थांबले तर सगळ्यायले समजन."

मी वाचत राहिले. सात पानं मराठीत वाचली. मग तीच हिंदीत वाचली. मग त्यांच्या पुस्तकांची यादी उलट्या क्रमानं वाचली. चाळीस मिनिटांनी पाहुणे जागे झाले, माईकवर आले आणि गहिवरून म्हणाले, "माझा इतका सविस्तर परिचय आजवर कोणीही करून दिला नाही!"

भाषण झालं. "अब आभार प्रदर्शन..." आणि काय आश्चर्य, हॉलमध्ये कोणीही उठलं नाही! मी शेंडे सरांकडे विजयी नजरेनं पाहिलं. सरांनी कागद उघडला, हॉलकडे पाहिलं आणि कागद मिटला.

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "काहून सर? वाचायचं होतं ना! कोणी उठलं नाही आज."

"कोणी उठलं नाही तेच तर. झोपलेल्या माणसायचे आभार मानून काय फायदा?"

*

डिसेंबरचे पाहुणे पुण्याचे. मोठं नाव. बावीस प्रश्नांना त्यांनी बावीस वेळा "चालेल" लिहिलं आणि शेवटी 'इतर काही अपेक्षा' या रकान्यात एकच शब्द: "वाघ."

बाहेरचे पाहुणे आमच्याकडे विद्येच्या ओढीनं येतात असा तुमचा समज असेल तर तो सोडा. ते कान्ह्याच्या जंगलासाठी येतात! पावसाळ्यात जंगल बंद असतं तेव्हा कोणालाही फोन करा, सगळ्यांच्या घरी लग्न असतं.

तर पाहुणे आदल्या दिवशीच आले, जंगलाजवळ राहिले. पहाटेची सफारी, अकरा वाजता व्याख्यान, असं मी कागदावर मांडलं होतं. वाघानं कागद पाहिला नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध बसला तो बसलाच. पाहुणे दीड वाजता आले, टोपी, धूळ आणि दुर्बिणीसकट थेट मंचावर.

विषय होता 'संशोधनाची पद्धत'. ते म्हणाले, "आज सकाळी..." आणि पुढची चाळीस मिनिटं वाघ! कसा बसला, कशी जांभई दिली, शेपटी कशी हलवली. आमच्या हॉलमध्ये एवढी शांतता मी कधी पाहिली नाही. प्रश्नोत्तरांत बत्तीस हात वर. "सर, त्यानं मागं वळून पाहिलं काय?" साहेबांनी स्वतः दोन प्रश्न विचारले. शेवटी एक पोरगी उठली, "सर, संशोधनाची पद्धत?" पाहुणे म्हणाले, "हीच. गप्प बसायचं आणि पाहायचं."

अडीच वाजले. एक बोट वर. शेंडे सर माईकवर गेले, कागद न उघडताच म्हणाले, "आज के कार्यक्रम के लिए मैं बाघ का आभारी हूँ, कि उसने साहब को आने दिया."

हॉल नुसता फुटला! टाळ्या, शिट्ट्या. पाहुण्यांनी उठून त्यांना मिठी मारली. मी धावत गेले, "सर, काय बोलले तुम्ही! सगळ्या भाषणाच्या वरताण!"

सर हसले नाहीत. खिशावर हात ठेवून म्हणाले, "हसले लोक, बरं झालं. पण आज कागदावर रंगनाथ माळ्याचं नाव होतं. सकाळी पाचपासून फुलं निवडत बसलता तो, थंडीत. मांग उभा होता बिचारा, आपलं नाव येईन म्हणून."

मी मागं पाहिलं. रंगनाथ सतरंजी गुंडाळत होता.

त्या दिवसापर्यंत, खरं सांगते, मला हा सगळा सरांचा एक हट्टच वाटत होता.

*

जानेवारीत मी निश्चय केला होता. या वेळी पाहुण्यांना वेळेत थांबवायचं म्हणजे थांबवायचं!

पाहुण्या आल्या सत्तरीच्या एक शास्त्रज्ञ बाई, शेतीतल्या किड्यांवर काम केलेल्या. फॉर्ममध्ये त्यांनी शेवटी लिहिलं होतं, "मला 'आवरा' अशी चिठ्ठी पाठवू नये." मला वाटलं, विनोदी दिसतात बाई.

बोलायला लागल्या. एक तास. सव्वा तास. साहेब घड्याळाकडे पाहतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मॅडम, कृपया दोन मिनिटांत आवरावं." सुकरामला म्हटलं, "देऊन ये." सुकराम "हौ" म्हणाला.

बाईंनी चिठ्ठी घेतली, चष्मा खाली केला आणि माईकवर मोठ्यानं वाचली! मग म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे. कोणाचं आहे?"

दोनशे डोकी माझ्याकडे वळली. मी अर्धी उठले.

"तुमचं का? छान. बसा. अजून वीस मिनिटं आहेत."

मी बसले. वीस नाही, पंचवीस घेतली. पण खोटं कशाला बोलू, भाताच्या लोंबीवरच्या त्या किड्याचं पुढं काय झालं हे मलाही ऐकायचंच होतं!

आभार? साहेबांनी बोटसुद्धा दाखवलं नाही, नुसतं दाराकडे दाखवलं. सरांनी "सभी का" एवढंच म्हटलं. ज्ञात-अज्ञातही कापले गेले.

जेवणाच्या रांगेत बाई सरांच्या मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं तुमचं राहिलं ना? मी पाहिलं, कागद होता हातात. वाचा, मी ऐकते." सरांनी एका हातात ताट धरलं, दुसऱ्या हातानं कागद काढला आणि रांगेतच सुरुवात केली. बाई मान डोलावून ऐकत होत्या. चौथ्या नावाला साहेब आले आणि फोटोसाठी बाईंना घेऊन गेले.

सर माझ्याकडे आले, डोळे चमकत होते. "तीन नावं झाली मॅडम! या सत्रातला रेकॉर्ड होय!"

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण कमी.

*

उरलं फेब्रुवारीचं. शेवटचं. त्यानंतर परीक्षा, आणि मार्चअखेर सर घरी.

मी आठ दिवस आधी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहब, इस बार आभार को दस मिनट चाहिए."

"दस मिनट में तो पूरा शहर आ जाएगा, मॅडम. दो."

"सर रिटायर हो रहे हैं, साहब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. विचार केला. फार मोठ्या मनानं म्हणाले, "अच्छा. तीन."

पाहुणे होते जबलपूरचे, निवृत्त अधिकारी, मराठी माणूस. अतिशय नेमका. आठवड्यात चार फोन. "मॅडम, पंचेचाळीस मिनिटं म्हणजे प्रश्नोत्तरं धरून की सोडून?" "घरी बोलून पाहिलं, त्रेचाळीस झाली. चालतील?" मला वाटलं, देवच पावला! हा माणूस वेळेत संपवणार, आणि वाचलेली दोन मिनिटं मी सरांना जोडून देणार. तीन आणि दोन पाच!

कार्यक्रम अकराला. पावणेअकराला फोन. वाटेत लामता गावाजवळ गाडी बंद पडली आहे. मेकॅनिक आलाय. "मॅडम, निघतोच."

हॉल भरलेला. साहेब म्हणाले, "शुरू कीजिए, तब तक आ जाएँगे." दीप लावला. स्वागत झालं, खुर्चीचं. प्रास्ताविक झालं. मी परिचय वाचला आणि या वेळी मला कोणी लवकर आवरायला सांगितलं नाही, हे आयुष्यात दुसऱ्यांदा. परत फोन. "मेकॅनिक पार्ट आणायला गेलाय. निघतोच." मग साहेबांनी अध्यक्षीय भाषण आधीच घेतलं. विद्यापीठाची आजवरची प्रगती सांगितली, मग पुढची सांगितली. पन्नास मिनिटांनी प्रगतीसुद्धा संपली.

सुकराम कार्यक्रमपत्रिका घेऊन माझ्यापाशी आला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, आता खाली हे एकच राह्यलं."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शेंडे सरांकडे पाहिलं.

सर माईकवर गेले. सवयीनं अर्धा हॉल उठलाच! सर शांतपणे म्हणाले, "बैठिए. आज खाना बनना बाकी है."

हॉल बसला.

सरांनी कागद उघडला. म्हणाले, "अतिथि महोदय का आभार आख़िर में. जो आया नहीं उसका आभार मानना झूठ होगा." आणि वाचायला लागले. सावकाश. मंडपवाला. रांगोळीच्या तीन पोरी, तिघींची नावं. पाण्याच्या कॅन. माईकची वायर उंदरानं खाल्ली होती ती जोडणारा. रंगनाथ माळी. रंगनाथ मागं भिंतीला टेकून उभा होता, तो ताठ झाला. नऊ मिनिटं. खालपर्यंत आले. कागद उलटून पाहिला, मागं काही नाही ना म्हणून. मग मिटला. माझा चष्मा धुकटला होता, तो मी पदरानं पुसून घेतला.

फोन वाजला. "मॅडम, गाडी सुरू झाली! पाऊण तास."

मी साहेबांना खूण केली. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी एक नाही, दोन नाही, अख्खा हात हलवला. "चालू रखिए, चालू रखिए!"

सरांनी खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. आतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. फोल्डरमध्ये कागद. निळे, पिवळे, वहीचे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचे. सगळे! सव्वीस वर्षांचे सगळे न वाचलेले आभार!

"ये पुराने हैं," सर म्हणाले. "मराठी में लिखे हैं. मैंने अपने लिए लिखे थे." आणि वाचायला लागले.

"वादळात मंडपाचा खांब दीड तास धरून उभा राहिल्याबद्दल झाडूराम यांचे आभार." "पाहुण्यांना स्वतःची चप्पल देऊन अनवाणी घरी गेल्याबद्दल ग्रंथालयातल्या लिल्हारेबाईंचे आभार." "लाइट गेल्यावर कोणीही न सांगता आपल्या सायकलचा डायनॅमो फिरवत बसलेल्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याचे आभार, नाव विचारायचं राहिलं."

आधी पोरं हसत होती. मग नुसती ऐकायला लागली. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "सर, माझी मोठी ताई इथीच होती. तिच्या वर्षीचं वाचा ना!" दुसरी म्हणाली, "मग आमच्या काकांचं!" सर कागद शोधायचे, वाचायचे. मराठी न समजणाऱ्या पोरांना शेजारची पोरं कानात सांगत होती. झाडूरामाचा कागद झाला तेव्हाच मधल्या रांगेतली एक मुलगी उठली होती. तिला वाटलं, आभार चालू असताना उठलं म्हणून सर रागावतील. हळूच म्हणाली, "सर, झाडूराम माझे बाबा होत."

"हायेत ना बरे?"

"हौ सर."

"सांगजो त्यायले. उशीर झाला म्हणा, पण मानले."

माझंही नाव निघालं. "परिचय एका पानात आटोपल्याबद्दल देशकर मॅडम यांचे आभार." हॉल हसला. ते कोणतं वर्ष होतं ते मला अजून आठवत नाही, आणि मला तर शंका आहे की तो टोमणा होता!

एक तास दहा मिनिटं झाली. स्वयंपाक होऊन गेला होता. वरणाला फोडणी पडली, वास आला. कोणी हललं नाही.

आणि शेवटचा कागद संपता संपता दारात पाहुणे. घामेजलेले, शर्टावर काळं ग्रीस, छातीशी भाषणाची फाइल. सुकरामानं तिथंच दारात त्यांच्या गळ्यात हार घातला, हातात गुच्छ दिला.

सरांनी त्यांना पाहिलं. आजचा कागद पुन्हा उघडला. त्यावर आता एकच नाव राहिलं होतं.

"और अभी-अभी पधारे हमारे मुख्य अतिथि, जो लामता से इतना कष्ट उठाकर आए, उनका मैं हृदय से आभार मानता हूँ. इसी के साथ आज का कार्यक्रम समाप्त हुआ, ऐसी मैं घोषणा करता हूँ."

हे वाक्य म्हणायची संधी त्यांना सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. कोणत्या तोंडानं अडवायचं त्यांना?

साहेबांचा हात अर्धा वर आला, पण तोवर राष्ट्रगीताच्या मुली पडद्यामागून पुढं येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी सुरू केलं होतं. दोनशे माणसं उठून ताठ उभी राहिली. मंचावर साहेब ताठ. माईकपाशी शेंडे सर ताठ. दारात पाहुणे ताठ, गळ्यात हार, एका हातात गुच्छ, एका हातात फाइल.

राष्ट्रगीत संपलं. सगळा हॉल हसत-बोलत जेवणाकडे निघाला, पाहुण्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत. जाता जाता पोरं त्यांना नमस्कार करत होती, "बहुत अच्छा रहा सर," म्हणत होती.

मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग फाइलकडे. आणि फार अदबीनं, हळू आवाजात विचारलं,

"मॅडम... माझं झालं का?"